नवी वेबसाइट नको. आहे तिचं वजन उतरवा आणि भाव लिहा

प्रश्न: आंजर्ल्याजवळ आमचा घरगुती होमस्टे आहे. तीन खोल्या, जेवण घरचं. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने वर्डप्रेसवर साइट करून दिली. लॅपटॉपवर छान दिसते, पण पाहुणे म्हणतात मोबाइलवर उघडतच नाही. ज्यांना उघडते तेही फोन करून तेच विचारतात : भाव काय, समुद्र किती लांब, एसी आहे का. साइटवरच्या फॉर्ममधून आजवर एकही मेल आलेला नाही. गूगलवर आमचं नाव टाकलं तरी साइट येत नाही. काही ठिकाणी मराठी अक्षरांचे शेंडे कापले जातात आणि मेन्यूकार्डाचं पान तर अगम्य इंग्रजी अक्षरांनी भरलेलं आहे. एक जण ४० हजारांत नवी साइट करून देतो म्हणतोय. करावी का? लिंक सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, दापोली तालुका

नमस्कार ताई,

४० हजार तूर्त राहू द्या. साइट उघडून पाहिली. तुमच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यातली एकही ‘साइट जुनी झाली’ म्हणून आलेली नाही. प्रत्येकीचं कारण वेगळं आहे आणि बहुतेक कारणं तुम्ही किंवा भाचा घरबसल्या काढू शकता. नवी साइट केलीत तर तेच जड फोटो, तोच मजकूर आणि तेच मेन्यूकार्ड तिच्यावर चढेल. नवा रंग, जुनं दुखणं.

आधी वजनाचं बोलू, कारण पाहुणा पहिल्यांदा तिथेच अडतो. तुमचं मुखपृष्ठ १४ एमबीचं आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे येणाऱ्या माणसाच्या फोनला ४ एमबीपीएस वेग मिळतोय असं धरा. १४ एमबी म्हणजे ११२ मेगाबिट (एका बाइटचे आठ बिट), भागिले ४, म्हणजे २८ सेकंद. तेही रेंज मध्ये गेली नाही तर. एवढं कोणी थांबत नाही. मागे जाऊन यादीतल्या पुढच्या होमस्टेवर बोट ठेवतो.

या १४ एमबीतले जवळजवळ १२ एमबी वरच्या सरकत्या पट्टीतल्या सात फोटोंचे आहेत. ते मोबाइलने काढले तसेच, ४००० बाय ३००० पिक्सेलचे चढवलेले आहेत. वर्डप्रेस खरं तर इथे मदत करतं. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आला की त्याची लहान प्रत करतं, शिवाय आणखी चार-पाच आकारांच्या प्रती करून ठेवतं आणि ज्याची जेवढी स्क्रीन तेवढी प्रत ब्राउझरला उचलू देतं. पण हे फक्त फोटो ‘इमेज’ म्हणून टाकला तर. तुमच्याकडे पेज बिल्डरमध्ये (पान जुळवायच्या साधनात) तो ‘सेक्शनची पार्श्वभूमी’ म्हणून टाकलाय, आणि तोही मूळ फाइल निवडून. पार्श्वभूमीच्या फोटोला ही आकार निवडण्याची सोय लागू होत नाही, आणि पाहुणा तिथवर पोचल्यावरच फोटो उतरवण्याचीही नाही. सहा इंची फोनलाही पूर्ण फाइल गिळावी लागते.

करायचं ते असं. पट्टी काढून टाका. तिसरा फोटो येईपर्यंत तिथे कोणी थांबत नाही, पण उतरवावे मात्र सातही लागतात. एकच फोटो ठेवा. समुद्राचा ठेवू नका. समुद्र सगळ्यांच्याच साइटवर आहे. तुमचा ओटा, मागची पोफळी आणि उघडं खोलीचं दार एकत्र दिसतं तो ठेवा. पाहुण्याला राहायची जागा बघायची असते. बाकीचे फोटो खाली, ज्या त्या खोलीच्या माहितीशेजारी.

फोटो हलका करायला स्क्वूश हे मोफत साधन पुरेसं आहे. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे दुसरीकडे जात नाही. फोटो ओढून टाका, ‘रीसाइझ’ला टिक करून रुंदी १६०० करा, प्रकार वेबपी निवडा, क्वालिटी ७५ ठेवा. मधली उभी रेघ डावी-उजवीकडे सरकवली की आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी दिसतो. फरक दिसायला लागला की ८० करा, नाही दिसला तर ७० करून बघा. आकाश आणि भिंतीचे फोटो १०० केबीच्या आत येतील. माडांच्या झावळ्या, वाळू, जांभ्या दगडाची भिंत यांत बारीक तपशील फार, त्यामुळे तेच फोटो २५०–३०० केबीपर्यंत जातील; चालेल. खोल्यांच्या लहान फोटोंना १२०० रुंदी भरपूर झाली. कारण साधं आहे: बहुतेक फोनची स्क्रीन ब्राउझरच्या हिशेबात ४०० च्या आसपास पिक्सेल रुंद असते आणि दाटपणा तिप्पट. चार त्रिक बारा.

चढवण्याआधी फाइलचं नाव बदला. कॅमेऱ्याने दिलेला नंबर काढून ‘आंजर्ले होमस्टे ओटा’ असं काहीतरी, पण रोमन अक्षरांत, मध्ये आडव्या रेघा देऊन. मग ‘ऑल्ट टेक्स्ट’च्या चौकटीत मराठीत एक वाक्य: ‘ओट्यावरचा झोपाळा, मागे पोफळीची बाग’. दृष्टिहीन माणसाचा फोन हेच वाचून दाखवतो, आणि फोटो उतरला नाही तर बाकीच्यांनाही तेच दिसतं. आणि हो, दोन फोटोंत जेवताना पाहुण्यांचे चेहरे दिसताहेत. त्यांना विचारलं नसेल तर काढा.

नकाशा आणि यूट्यूबचा व्हिडिओ पानातच जडवलाय, तोही काढा. दोन्ही आपल्याबरोबर भरपूर कोड ओढून आणतात, पाहुण्याने त्यांना हात लावला नाही तरी. व्हिडिओच्या जागी एक फोटो ठेवून त्याला यूट्यूबची लिंक द्या. नकाशाच्या जागी ‘नकाशात रस्ता दाखवा’ असं बटण, ज्याने थेट फोनमधलं नकाशाचं ॲप उघडेल. रस्त्यावरच्या माणसाला तेच हवं असतं.

एवढं केल्यावर मुखपृष्ठ दीड एमबीच्या आत यायला हवं. तोच हिशेब: १२ मेगाबिट, भागिले ४, म्हणजे तीन सेकंद, आणि अक्षरं तर त्याच्याही आधी दिसतील.

आता मजकूर. सध्या पान उघडल्यावर पहिलं वाक्य येतं: ‘निसर्गाच्या सान्निध्यात एक अविस्मरणीय अनुभव’. हे वाक्य महाबळेश्वरलाही चालेल आणि काश्मीरलाही. म्हणून तर फोन येतात. पाहुणे आळशी नाहीत, त्यांना उत्तर मिळालेलं नसतं. पहिल्या स्क्रीनवर, बोट न सरकवता, हे दिसायला हवं (आकडे नमुन्याचे, तुमचे घाला):

आंजर्ले समुद्रकिनाऱ्यापासून चालत ७ मिनिटं. तीन खोल्या, घरचं जेवण.
दोघांसाठी एसी खोली २,४०० रुपये, साधी १,९०० रुपये, एका रात्रीचे. चहा-नाश्ता त्यातच.
[व्हॉट्सॲपवर विचारा] [फोन करा]

भाव लिहायला बहुतेक जण कचरतात. शेजारी बघेल, पाहुणा घासाघीस करेल, हंगामात वाढवता येणार नाही. शेजाऱ्याला तुमचा भाव आजच ठाऊक आहे. आणि ज्याला २,४०० परवडत नाहीत तो फोनवर दहा मिनिटं बोलून ‘कळवतो’ म्हणेल, त्यापेक्षा साइटवरूनच गेलेला बरा. हंगामासाठी दोन ओळी पुरतात: दिवाळी आणि २४ डिसेंबर ते १ जानेवारी अमुक, बाकी वर्षभर तमुक. मासळीचा भाव मात्र ‘३५० पासून’ असाच लिहा आणि कारणही द्या: हर्णै बंदरावरच्या लिलावात सुरमई-पापलेट कितीला मिळेल त्यावर ताट ठरतं. खरं कारण दिलं की ‘पासून’ शब्दाची शंका येत नाही.

भावाचं कोष्टक पाच रकान्यांचं करू नका. मोबाइलवर शेवटचे दोन रकाने स्क्रीनच्या बाहेर जातात आणि नेमका भाव तिथेच असतो. डावीकडे खोली, उजवीकडे रुपये. बस्स.

त्याखाली, फोनवर जे-जे विचारतात ते. पुढचे पंधरा दिवस फोनशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपा. एसी आहे का, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का, कुठल्या कंपनीची रेंज येते, कमोड आहे का आणि तळमजल्याची खोली आहे का (बरोबर आजी असते), ड्रायव्हरची झोपायची सोय, कुत्रा आणला तर, मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात का, खेड स्टेशनवरून यायचं कसं, कड्यावरच्या गणपतीला जायला गाडी वरपर्यंत जाते का, पावसाळ्यात चालू असता का. उत्तर एक-दोन ओळींचं. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ लिहा. रेंज येत नाही हे आधी वाचलेला माणूस आल्यावर भांडत नाही, उलट काही जण त्यासाठीच येतील.

आता मराठी अक्षरांकडे. थीम (साइटचा तयार साज) आणि पेज बिल्डर बहुतेक इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, त्यामुळे हे दुखणं तुमच्या एकटीचं नाही.

मेन्यूकार्ड छापखान्यातून आलंय ना? तिथे अजून श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट वापरतात. त्यांत फाइलमध्ये साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून तिथे ‘सोलकढी’ दिसते. पाहुण्याच्या फोनमध्ये नाही, म्हणून तिथे खालची खरी अक्षरं उघडी पडतात. कन्व्हर्टर मिळतात, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, तिथे कन्व्हर्टर बऱ्याचदा चुकतात. तुमचं कार्ड पंचवीस ओळींचं आहे. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा, अर्ध्या तासाचं काम. फोटो किंवा पीडीएफ लावू नका. चिमटीने मोठं करून वाचायला लागतं, आणि भाव बदलला की पुन्हा छापखाना.

शेंडे कापले जातात ते मथळ्यांत आणि बटणांवर. ‘सर्वांसाठी’ हा शब्द बघा: ‘र्वां’मध्ये शिरोरेघेच्या वर रफार आणि अनुस्वार एकत्र बसतात. ‘समुद्र’ आणि ‘गुरुपौर्णिमा’त उकार खाली उतरतात. इंग्रजी अक्षराला एवढी उंची लागत नाही म्हणून थीमने मथळ्याला ओळीची उंची १ आणि बटणाला ठरावीक उंची दिलीय, शिवाय बाहेर जाईल ते लपवा असंही सांगितलंय. मग रफार कापला जाणारच. थीमच्या ‘ॲडिशनल सीएसएस’मध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या सूचना लिहायची चौकट) भाच्याला या गोष्टी घालायला सांगा: मजकुराची ओळ-उंची १.७, मथळ्याची १.३५ ते १.४, बटणाला ठरावीक उंची न देता वर-खाली १२-१२ पिक्सेल मोकळी जागा, आणि अक्षरांमधलं अंतर सगळीकडे शून्य. शेवटचं फार महत्त्वाचं. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं थोडी लांब-लांब ठेवायची फॅशन आहे. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दातपडक्या कंगव्यासारखा दिसतो.

मजकुराचा आकार १८ पिक्सेल ठेवा. थीमचा १५ आहे, त्यात मात्रा आणि अनुस्वार चिकटतात. मजकूर दोन्ही बाजूंनी समान करणंही बंद करा. ‘समुद्रकिनाऱ्यापासून’सारखा शब्द मोबाइलच्या अर्ध्या ओळीचा असतो; तो पुढच्या ओळीत गेला की मागे उरलेल्या दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडते. डावीकडून सरळ, उजवीकडे ओबडधोबड, तेच वाचायला सोपं.

फॉन्ट. सध्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून प्रत्येक फोन स्वतःकडचा मिळेल तो वापरतो आणि साइट दर फोनवर वेगळी दिसते. ‘मुक्त’ हा ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. त्याची ‘साधा’ आणि ‘ठळक’ अशी दोनच वजनं (म्हणजे अक्षरांच्या जाडी) घ्या. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं भरलेली असतात, त्यामुळे प्रत्येक वजनाची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड. ठळक वजन मात्र विसरू नका. ते दिलं नाही तर ब्राउझर साध्या अक्षरालाच जाड करून दाखवतो आणि ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या पोकळ्या शाईने भरल्यासारख्या दिसतात. थोडा भारदस्त, पुस्तकी मथळा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मुळातच आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि पानाची भाषा बघून मराठी रूप निवडलं जातं. त्यासाठी वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे ‘मराठी’ निवडा. तुमच्याकडे ते अमेरिकन इंग्रजी आहे. त्यामुळे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तुमची सोलकढी इंग्रजी समजून वाचतं.

एक बारीक गोष्ट, पण तुमच्या धंद्यातला मुख्य शब्दच त्यात सापडलाय. तुमच्या साइटवर ‘किनाऱ्यावर’ दोन तऱ्हांनी लिहिलाय. काही ठिकाणी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, काही ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसतात सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे शब्द. पानात शोधायला गेलं तर कधी एक सापडतो, दुसरा नाही. आणि मजकूर इकडून तिकडे नेताना ते अदृश्य चिन्ह गळलं की ‘किनार्यावर’ होतं. तुमच्या ‘आमच्याबद्दल’च्या पानावर तेच झालंय. सगळीकडे ‘ऱ’ वापरा. इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर ‘र’चीच कळ शिफ्ट धरून दाबली की मिळतो.

पानांचे पत्ते मात्र रोमन अक्षरांत करा. मराठीचा अभिमान बाजूला ठेवून सांगतोय. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ रोमन अक्षरांचं होतं. ‘आमच्याबद्दल’मध्ये काना, हलन्त धरून ११ चिन्हं, म्हणजे ९९ अक्षरांची शेपटी. व्हॉट्सॲपवर पाठवली की पाहुण्याला व्हायरस वाटतो. शिवाय वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर शब्द मध्येच तुटतो. तुमची पानं पाचच आहेत, आत्ताच बदला. नंतर बदलायची झाली तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवण्याची सोय करावी लागेल. आत्ता लागत नाही, कारण गूगलला तुमची साइट ठाऊकच नाही.

ती का ठाऊक नाही? वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. शेवटी एक चौकट आहे: सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. तुमच्या साइटवर तिला टिक आहे. साइट बनत असताना अर्धवट पानं गूगलवर जाऊ नयेत म्हणून ती करतात, आणि मग काढायची राहते. दोन वर्षं तुम्ही स्वतःच गूगलला दारातून परत पाठवताय. पत्ते आणि मजकूर दुरुस्त झाल्यावर टिक काढा. मग गूगल सर्च कन्सोल (मोफत आहे) मध्ये साइट जोडा, साइटमॅपचा (पानांच्या यादीचा) पत्ता द्या. टिक निघाली की साइटमॅप वर्डप्रेस आपोआप करतं. मग ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये मुखपृष्ठाचा पत्ता टाकून नोंदणीची विनंती करा. काही दिवस ते काही आठवडे लागतात. रोज विनंती करून लवकर होत नाही. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ असे फोन यायला लागतील. ठेवून द्या.

‘आंजर्ले होमस्टे’ असं शोधणाऱ्याला आधी नकाशावरची यादी दिसते, म्हणून गूगल बिझनेस प्रोफाइल हवंच. पडताळणीसाठी बहुधा जागेचा व्हिडिओ मागतात: पाटी, रस्ता, आतली खोली, असं सलग एकदाच काढा. नाव आणि फोन नंबर साइटवर जसा, तसाच तिथे.

आता तो मुका फॉर्म. पाहुण्यांनी तो भरला असणार, मेल तुमच्यापर्यंत आली नाही. फॉर्म असा बसवलाय की मेल ‘पाहुण्याच्या जीमेल पत्त्यावरून’ आल्यासारखी जाते, पाठवतो मात्र तुमचा होस्टिंगचा सर्व्हर (साइट जिथे ठेवलीय तो संगणक). जीमेलच्या नावाने परकाच सर्व्हर बोलतोय म्हटल्यावर घेणारी बाजू ती खोटी समजून स्पॅममध्ये टाकते किंवा सरळ नाकारते. दुरुस्ती: ‘प्रेषक’ म्हणून तुमच्या डोमेनचा (साइटच्या नावाचा) पत्ता, ‘उत्तर इथे पाठवा’मध्ये पाहुण्याचा, आणि मेल एसएमटीपी प्लगइनमधून (रीतसर लॉगिन करून मेल पाठवणाऱ्या जोड-साधनातून). डोमेनच्या डीएनएसमध्ये (नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकिम या, मेल खरंच तुमच्याकडून आल्याचं पटवणाऱ्या दोन नोंदी घालायला होस्टिंगवाल्याला सांगा. पण तीन खोल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? आमचं मत विचाराल तर फॉर्म काढून टाका. तुमचे पाहुणे मेलवर बोलत नाहीत.

त्याऐवजी व्हॉट्सॲपचं बटण. लिंक डब्ल्यूए डॉट एमई या पत्त्याची, तिरक्या रेघेनंतर ९१ आणि लागलीच दहा आकडी नंबर. आधी अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, मध्ये जागा नको. तिथेच बहुतेकांची लिंक मोडते. त्याच लिंकमध्ये तयार मजकूर घालता येतो. असा घाला: ‘नमस्कार, तारीख ___ ते ___, मोठे ___, मुलं ___, एसी / साधी. खोली आहे का?’ पाहुणा रिकाम्या जागा भरतो आणि ‘हॅलो’, ‘बोला’, ‘रूम आहे का’, ‘कधी’ हा सगळा फेरा वाचतो. फोनच्या बटणामागचा नंबर इंग्रजी आकड्यांतच टाका. वर दिसायला देवनागरी आकडे चालतील, लिंकच्या आत नाही. दोन्ही बटणं बोट नीट पडेल अशी, किमान ४८ पिक्सेल उंच, आणि दोघांत आठ पिक्सेल मोकळी.

बटणाचा रंग बदला. नारिंगीवर पांढरी अक्षरं आहेत, त्यांचा काँट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) २ च्या आसपास येतो. लहान अक्षरांना ४.५ लागतो. दुपारच्या उन्हात ते बटण कोरं दिसतं. गडद हिरवट निळ्यावर पांढरं घेतलंत तर ६ च्या पुढे जाल. वेब-एम (WebAIM) या संस्थेच्या काँट्रास्ट तपासनिसात दोन रंग टाकले की आकडा मिळतो. फोटोवर थेट लिहिलेली पांढरी अक्षरंही खाली, साध्या पार्श्वभूमीवर आणा.

झालं की पेजस्पीड इनसाइट्सवर साइट तपासा, आणि ‘मोबाइल’ हा भाग बघा, डेस्कटॉपचा नाही. वरच्या शंभरातल्या गुणांच्या मागे लागू नका. लागोपाठ दोनदा तपासलं तरी ते पाच-सात गुणांनी हलतात. दोन आकडे बघा. मुख्य फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ २.५ सेकंदांच्या आत, आणि पान उतरताना उड्या मारण्याचं माप ०.१ च्या खाली. दुसरं जास्त आलं तर एखाद्या फोटोला रुंदी-उंची लिहायची राहिली असेल. ब्राउझरला जागा आधी कळत नाही, फोटो आला की मजकूर खाली ढकलला जातो आणि फोनच्या बटणाऐवजी भलत्यावरच बोट पडतं.

त्याहून चांगली परीक्षा फुकट आहे. गावाबाहेरच्या, साइट न पाहिलेल्या पाच जणांना त्यांच्याच मोबाइलवर, वायफाय बंद करून साइट उघडून द्या आणि एकच विचारा: ‘चौघांचे दोन रात्रींचे जेवणासकट किती होतील?’ मग गप्प बसा. ‘खाली बघा ना’ म्हणायचं नाही. जिथे त्यांचं बोट थबकतं तिथे साइट चुकते आहे. पाचांपैकी तिघे एकाच जागी थबकले तर आधी ती जागा दुरुस्त करा.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी, आजच बघा. डोमेन कोणाच्या नावावर आहे? ते भाच्याच्या मित्राच्या खात्यात, त्याच्या मेलवर असेल तर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, मेल बघितली नाही, मुदत संपली, की साइट बंद, आणि तो पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर आणि तुमच्या फोन नंबरावर करून घ्या. वर्डप्रेसमध्येही ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून तुमचं खातं हवं. मग एक बॅकअप उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्यानंतरच वरच्या कामांना हात घाला. तुमच्याकडे २३ प्लगइन आहेत, त्यांतले निम्मे बंद आहेत. बंद असलेले नुसते बंद ठेवू नका, काढून टाका. जुन्या प्लगइनच्या भोकांतूनच चोर शिरतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर दोन ठिकाणी करा. होस्टिंग जरा बरं घ्या आणि दापोलीतल्या एखाद्या चांगल्या फोटोग्राफरला सकाळी सात ते नऊ बोलवा. खोल्यांत पूर्वेचं ऊन येतं तेव्हा. पलंगावरच्या चादरींच्या घड्या त्याआधी काढून ठेवा, आत्ताच्या फोटोंत त्या फार दिसतात.

आणि तळाशी ‘आपण ००४७१२ वे पाहुणे आहात’ हा आकडा फिरतोय, तो काढून टाका. त्यातले बरेचसे तुम्ही आणि भाचाच असाल.